आज्ञापत्रातील धैर्यविचार आणि विशाळगड

इ. स. १६८९ या वर्षी मराठी राज्य टिकेल असे मानावयास फारसा आधार उरला नव्हता. फेब्रुवारीत छत्रपती संभाजीमहाराज संगमेश्वर येथे पकडले गेले. त्यांना पकडणारा मुकर्रबखान कोल्हापुराकडूनच सह्याद्री उतरून गेला होता. मार्चमध्ये महाराजांचा वध झाला. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती सापडले. तत्पूर्वीच राजाराममहाराजांनी पन्हाळा सोडून जिंजीची वाट धरली होती. महाराष्ट्रात राजा नाही, राजधानी नाही आणि खजिनाही नाही, अशा अवस्थेत कारभाराची सूत्रे रामचंद्र नीळकंठ अमात्य यांच्या हाती आली. त्यांना 'हुकुमतपनाह' हा किताब मिळाला. त्यांनी आपले प्रमुख ठाणे केले ते विशाळगडावर. आजच्या शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम कडेस, आंबा व अणुस्कुरा या घाटांच्या दरम्यान, दाट रानात व अतिवृष्टीच्या प्रदेशात हा गड उभा आहे.

या काळातील मराठ्यांच्या चिवटपणाविषयी विपुल लेखन झाले आहे. त्याची कारणमीमांसा बहुधा स्वराज्यनिष्ठा, गनिमी युद्धपद्धती, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांचे पराक्रम अशा सदरांखाली केली जाते. ती चुकीची नव्हे. परंतु आपत्तीत माणसांचा धीर टिकतो तो कशामुळे, या प्रश्नाचा विचार त्या पिढीतील कोणी शब्दबद्ध केला होता काय, असे विचारले तर अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'कडे वळावे लागते. शके १६३७, म्हणजे इ. स. १७१५ चा हा ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या नावाने निघाला. त्याला राजनीतीचा ग्रंथ म्हणतात, व तो तसा आहेही. मात्र तो विजयाच्या उन्मादात लिहिलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शाहूमहाराजांच्या सुटकेनंतर (१७०७) राज्य दुभंगले होते. १७१४ मध्ये ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना दूर सारून संभाजीमहाराज गादीवर आले होते. आपत्तीचा अनुभव पाठीशी आणि अनिश्चितता समोर, अशा स्थितीत एका वृद्ध कारभाऱ्याने केलेली ही मांडणी आहे.

येथे मराठी भाषेतील एका शब्दाचा विचार उद्बोधक ठरेल. संस्कृतात 'धीर' हा शब्द दोन अर्थांनी येतो: 'धी'शी संबद्ध असलेला 'बुद्धिमान' आणि 'धृ' धातूशी संबद्ध असलेला 'स्थिर'. दोन्ही अर्थी ते विशेषण आहे. पुरुष धीर असतो किंवा नसतो. मराठीने त्याचे नाम केले. मराठी माणूस धीर धरतो, सोडतो, दुसऱ्यास देतो. त्याचा धीर सुटतो आणि खचतोही. भिंत खचते, विहीर खचते, तट खचतो, तसाच धीर खचतो. जे खचते ते कोणीतरी बांधलेले किंवा खणलेले असते, आणि जे देता येते ते आधी कोणाजवळ तरी साठलेले असावे लागते. धैर्य हा केवळ स्वभावाचा गुण नसून ती सिद्ध करून ठेवण्याची वस्तू आहे, अशी कल्पना या वाक्प्रचारांच्या मुळाशी दिसते. आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण वाचताना हीच कल्पना पानोपानी भेटते, जरी तेथे धैर्यावर प्रवचन असे कोठेच नाही.

त्या प्रकरणातील पाण्याविषयीची सूचनाच पाहावी. गडावर पाण्याचा झरा आहे व तो पुरतो, एवढ्यावर अमात्य निश्चिंत राहू देत नाहीत. युद्धकाळी तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून खडक फोडून जादा टाकी बांधावीत आणि ते पाणी राखून ठेवावे, असे त्यांचे सांगणे आहे. वेढ्यात राहिलेल्या माणसाशिवाय हा तपशील सहसा कोणास सुचावयाचा नाही. गडावर केवळ शिपाई नकोत; ज्योतिषी, वैदिक, औषधी देणारे वैद्य, जखमा बांधणारे शस्त्रवैद्य, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार यांपैकी गडाच्या मानाने एक-दोन असावेत, आणि त्यांच्या धंद्याचे काम नसेल तेव्हाही त्यांना रिकामे बसू देऊ नये. केरकचरा जागोजाग जाळून त्याची राख परसांत घालावी व घरोघर भाजीपाला करावा. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ ही तर लावावीतच, पण ज्यांचा उघड उपयोग नाही अशी झाडेही जोपासावीत. वेळेस त्यांचे लाकूड कामी येते.

आरमाराच्या प्रकरणात याहून सूक्ष्म असा विचार येतो. जहाजांस लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये. लेकरांप्रमाणे वाढविलेले झाड तोडले गेले तर त्या माणसांच्या दुःखास पार राहत नाही, असे अमात्य म्हणतात. झाड अगदीच जुने झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊनच ते घ्यावे. येथे दुःखाची गणना राज्याच्या हिशेबात झालेली आहे. रयतेचे मन खचणे हीदेखील राज्याची हानी होय, हे त्या काळच्या राजनीतिग्रंथात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आढळेल.

संकटास तोंड देण्याचे तत्त्वज्ञान जगात प्रायः अंतर्मुख झालेले दिसते. एपिक्टेटस हा दास म्हणून जन्मलेला ग्रीक तत्त्वज्ञ आपल्या अधीन काय आहे व काय नाही, यांतील विवेकावरच सारा भर देतो. गीतेतील स्थितप्रज्ञही मनाच्या समत्वाचाच आदर्श होय. तुकारामांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात कुटुंबाची वाताहत सोसली, आणि तेही विठ्ठलाकडे व स्वतःच्या मनाकडेच वळले. आधुनिक मानसशास्त्रात लॅझारस व फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला सामोरे जाण्याचे दोन मार्ग वेगळे केले: प्रत्यक्ष अडचणीवर उपाय करणे आणि तीमुळे उसळलेल्या भावना आवरणे. अमात्यांचा कल उघडच पहिल्याकडे आहे. मात्र त्यांच्या उपायांत दुसराही नकळत साधला जातो. रिकाम्या कारागिरास काम देणे हे अर्थशास्त्र आहे तसेच मनाचे औषधही आहे. वेढ्यात दिवस काढणाऱ्यांस हे निराळे सांगावे लागत नसावे.

अर्थात आज्ञापत्र हे कसे असावे ते सांगते. प्रत्येक गड तसा होता असे त्यावरून ठरत नाही. विशाळगडाची कसोटी मात्र इतिहासात नोंदलेली आहे. १७०१ च्या अखेरीस खुद्द औरंगजेब या गडावर चालून आला. परशुराम त्रिंबक यांनी गड लढविला आणि पावसाळा तोंडावर आल्यावर, जून १७०२ मध्ये, दोन लाख रुपये घेऊन तो खाली केला. हे शरणागतीचे कृत्य मानावे काय? ताराबाईंच्या कारभारात गड शक्य तितका झुंजवावा, शत्रूचा काळ व पैसा खर्ची पाडावा, माणसे वाचवावी आणि मग गड परत घ्यावा, असे धोरण वारंवार दिसते. बादशाही फौजेस तेथून पन्हाळ्यापर्यंतची सुमारे तीस मैलांची वाट चालावयास, जदुनाथ सरकारांच्या हिशेबाप्रमाणे, अडतीस दिवस लागले. नद्या-ओढ्यांना पूर, चिखलात रुतलेले उंट व हत्ती, असा तो प्रवास झाला. गडाचे 'सखरलना' हे बादशाही नाव फार काळ टिकले नाही.

या चिवटपणाची किंमतही द्यावी लागली. खजिना रिकामा असताना सरदारांस धरून ठेवण्याचे राजाराममहाराजांजवळ एकच साधन होते, ते म्हणजे वतने व इनामे यांची आश्वासने. त्यावर राज्य तगले, पण त्यानेच ते आतून पोखरलेही गेले. आज्ञापत्रातील वतनदारांवरील प्रकरण या अनुभवाने कडवट झालेले आहे: वतनदार हे लहानसे राजेच होत, परचक्र आले की शत्रूस आधी तेच मिळतात, असा त्याचा सूर आहे. असे लिहिणाऱ्या अमात्यांच्या वंशजांकडे बावड्याची जहागीर पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि परशुराम त्रिंबकांच्या वंशातील एका शाखेकडे विशाळगडची. तिचे ठाणे कालांतराने गडावरून मलकापुरास आले.