पल्वल-मंडूक, उत्तरेकडील

पेलोफायलॅक्स लेसोनी या यूरोपीय बेडकाची इंग्लंड, स्वीडन व नॉर्वे येथील शाखा. मध्य यूरोपात ही जाती विपुल आहे. प्रस्तुत शाखा मात्र मूळ मुलखापासून तुटून थोड्या पल्वलांत, म्हणजे लहान तळ्यांत, तग धरून राहिली. पाठीवर बहुधा फिकट रेघ, रंग खंडावरील भावंडांहून गडद तपकिरी. ऊबप्रिय असल्याने मे-जूनमध्ये प्रजनन.

इंग्लंडात या प्राण्याच्या वतनाचा तंटा दीर्घकाळ भिजत पडला. नॉरफोकचे जमीनदार जॉर्ज बर्नी यांनी १८३७ पासून काही वर्षे खंडावरचे हिरवे बेडूक आणून सोडले होते, आणि हा दाखला दप्तरी असल्यामुळे पूर्व इंग्लंडातला प्रत्येक पल्वल-मंडूक त्या आयात बेडकांचाच वंशज, असे गृहीत धरण्यात आले. उपऱ्याच्या रक्षणाची निकड मग कोणास वाटावी? हिमयुगात जमिनीखाली साचलेल्या बर्फाचे उंचवटे वितळून झालेल्या थॉम्पसन कॉमन येथील तळ्यांतला अखेरचा समूह १९९०–९९ या दशकाच्या मध्यास नाहीसा झाला, तोवर निवाडा लागलाच नव्हता.

पुरावा आला तो त्यानंतर, आणि तीन दिशांनी : दलदलीत सापडलेली सॅक्सनकालीन हाडे, स्कँडिनेव्हियातील नरांशी जुळणारे नरांचे आवाज आणि २००१ मध्ये इंगा झाइसेट व ट्रेव्हर बीबी यांनी केलेली आनुवंशिक तुलना, जिच्यात ब्रिटिश बेडूक फ्रान्स-इटलीच्या नव्हे, तर स्वीडन-नॉर्वेच्या बेडकांचे निकट आप्त ठरले. वहिवाट सिद्ध झाली, पण वहिवाटदारच उरला नव्हता.

उत्तरेकडील समूहांत आनुवंशिक विविधता फारच कमी असते. स्वीडनमधील उपलांडच्या किनाऱ्यावर, जेथे हिमभार उतरल्यापासून जमीन अद्याप वर येत आहे, समुद्रापासून तुटून नवी तळी बनतात व जुनी हळूहळू बोरूने भरून जातात. तेथे पेर शोग्रेन यांनी दाखविले, की शेजारच्या तळ्यांपासून दूर पडलेले समूह अधिक लवकर नष्ट होतात, कारण बाहेरून येणारे बेडूकच संख्येची व वंशाची तूट भरून काढत असतात. विविधता वाढविण्यासाठी मध्य यूरोपातील बेडूक मिसळणे सोपे खरे. परंतु तसे केल्यास जी शाखा वाचवायची तीच पुसली जाण्याचा धोका, शिवाय त्या प्रदेशात लेसोनी व रिडिबुंडस ही दुसरी जाती यांच्या संकरातून झालेला ‘खाद्य बेडूक’ सर्रास आढळतो, जो बीजपेशी बनविताना बहुधा लेसोनीचा जनुकसंच टाकून देतो.

म्हणून २००५ ते २००८ या काळात स्वीडनमधूनच बेडूक आणून नॉरफोकमध्ये सोडण्यात आले. २०१५ पासून त्या वसाहतीतील पिल्ले माणसांच्या देखरेखीत काही काळ वाढवून थॉम्पसन कॉमन येथे सोडली जाऊ लागली. मुळातच अरुंद असलेल्या वारशाचा हा आणखी एक वाटा. त्यामुळे तेथील तळी एकमेकांच्या आवाक्यात राखण्यास विशेष महत्त्व आहे.