जिल्हा परिषद : प्रश्न विचारण्याची सवय

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. पंचायत राज सुचवणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. राज्याच्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्ह्याला बळ दिले. आमदार-खासदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही परिषदेबाहेर ठेवले. शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव यांची जबाबदारी गावाकडच्या निवडून आलेल्या माणसांवर आली. राज्य सरकारने आपल्या हातची सत्ता आपणहून खाली सोडावी हे फार क्वचित घडते. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ते केले, याचे मोल मला आजही मोठे वाटते.

या सभागृहांनी माणसे घडवली. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले; आमदार झाले ते १९९० मध्ये. सर्वसाधारण सभेत सदस्य उभा राहतो, अमुक शाळेला शिक्षक का नाही असे विचारतो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, ते इतिवृत्तात येते आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तोच विषय पुन्हा निघतो. चारचौघांत दिलेला शब्द नोंदीत राहतो, हे कळले की विचारणाराही तोलून बोलतो आणि उत्तर देणाराही.

मग पैशाची वाट बदलली. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून निधी थेट ग्रामपंचायतींना दिला, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती या मधल्या दोन्ही पायऱ्या वगळून. पंधराव्या आयोगात या पायऱ्यांना थोडा वाटा परत मिळाला. ग्रामपंचायतींना थेट पैसा मिळाला हे चांगलेच झाले, पण परिषदेचा सदस्य प्रश्न सोडून पत्र घेऊन मंत्र्यांच्या दारी जाऊ लागला. परिषदेच्या कामात आर्थिक हितसंबंध असलेला सदस्य कायद्याने अपात्र ठरतो. म्हणून ठेका मेहुण्याच्या नावावर निघतो आणि गावात त्याचे कुणाला नवल वाटत नाही. मला या नवल न वाटण्याची जास्त काळजी वाटते. माणसे मुळात वाईट झाली असे मी मानत नाही. विचारून काही होत नाही, ओळखीने होते, हा धडा त्यांना व्यवस्थेनेच वर्षानुवर्षे दिला.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. स्त्रिया सभागृहात मोठ्या संख्येने आल्या तोवर तिजोरीच्या चाव्या दुसरीकडे चालल्या होत्या.

मार्च २०२२ मध्ये पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणूक मुदतीआधी पूर्ण व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३-ई सांगते. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद न्यायालयात चालले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक राहिले. ज्यांनी उत्तर द्यायचे, त्यांच्याकडेच ठराव करण्याचा अधिकार गेला. शाळा भरत राहिल्या, बिले निघत राहिली, पगार झाले. त्या काळात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींनी मतदार म्हणून आपल्या गटाचा सदस्य पाहिलाच नाही. गावच्या शाळेला शिक्षक हवा असेल तर कुणाला गाठायचे, याचे त्यांना माहीत असलेले उत्तर आमदाराचा स्वीय सहायक हेच होते.