करंजी घाटाआधीचे बारा तास

यातली गाडी आणि माणसे रचलेली आहेत. रस्ता, धातू आणि उष्णतेचा हिशेब मात्र खरा आहे. नवरात्रातला शनिवार, नगरच्या सावेडीतून रविवारी पहाटे मोहट्याला देवीच्या दर्शनाला जायचे ठरले आहे.

शनिवार, सायंकाळी 6.00. बारा तास बाकी.

भाजी घेऊन परतताना ब्रेक दाबला, की पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र. "अहो, तो किंचाळणारा आवाज बंद झाला होता ना? मग हे काय नवीन?"

नवीन काहीच नाही. पंधरा दिवस किंचाळत होती ती पॅडला मुद्दाम लावलेली पत्र्याची बारीक पट्टी. पॅडवरचा घासणारा थर दोन-तीन मिलिमीटरवर आला, की ती डिस्कला टेकते आणि बोंब ठोकते. पट्टी झिजून गप्प झाली, घरात सगळ्यांना हायसे वाटले. आता पॅडमागचा पोलादी पत्राच डिस्कच्या ओतीव लोखंडावर घासतो आहे.

7.00. अकरा तास.

बॉनेट उघडले. ब्रेक ऑइल किमान रेषेच्या खाली. घरातल्या जुन्या बाटलीतून भर घातली, ब्रेकचा दिवा विझला, काम झाले! खरे तर ही पातळीच सांगत होती. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्यामागची जागा ऑइल भरून काढते, आणि डबीतली पातळी उतरते. गळती नसताना ऑइल कमी झाले, तर आधी पॅड बघायचे. शिवाय वरून भर घातली तरी कॅलिपरजवळचे चार वर्षांचे ऑइल तिथेच राहते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येते.

7.20.

मोबाईलचा टॉर्च चाकाच्या फटीतून आत. बाहेरचा पॅड दिसतो, चांगला जाड. "आहे की अजून! खडा अडकला असेल." मेहुण्याने मान डोलावली.

खडा अडकतो, नाही असे नाही. पण डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेला खडा ब्रेक न दाबताही खरवडत राहतो. पावसाच्या रात्रीनंतर डिस्कवर चढलेला गंज चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातो. बेअरिंग गेले असेल तर घुमणारा आवाज येतो आणि वळणावर तो बदलतो. फक्त ब्रेक दाबल्यावरच खरखर, तीही दर वेळी, असेल तर संशय पॅडवर. हे ओळखायला गल्लीतली एक फेरी पुरते.

रात्री 9.00. नऊ तास.

जेवणे झाली, टीव्ही लागला. स्पेअरचे दुकान बंद व्हायच्या आत पॅडचा जोड आणला असता, तर अंगणातच काम झाले असते. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. नट जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक. आणि जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, खाली स्टँड हवाच. चाक काढून कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडला की कॅलिपर वर फिरतो. तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. पिस्टन शिकंज्याने हळूहळू आत ढकलायचा. तेव्हा डबीतले ऑइल वर चढते, सांडले तर रंग खाते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावायचे. पॅडला ग्रीसचा थेंबही नको. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. चर खोल असतील तर डिस्कही बदलावी. पॅड दोन्ही चाकांचे एकदम. आणि सगळ्यात महत्त्वाचे: गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचे, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.

रविवार, पहाटे 5.10. पन्नास मिनिटे.

पाच जण, डिकीत सामान. याच नगरमध्ये व्हीआरडीई आहे, जिथे नव्या वाहनांचे ब्रेक मोजून-मापून तपासले जातात. ती तपासणी मॉडेलची. घरच्या खासगी गाडीचे पॅड नोंदणीची पंधरा वर्षे कोणी सरकारी माणूस बघत नाही.

5.30. तीस मिनिटे.

डावीकडे-उजवीकडे अंधार, चांदबीबी महालाचा डोंगर मागे पडला. सपाट रस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो, म्हणून आवाजही नाही.

5.54. सहा मिनिटे.

करंजी घाटाचा उतार. गाडी चौथ्या गियरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. माणसांसह तेराशे किलोची गाडी उभ्या उंचीत शंभर मीटर उतरली, तर चार लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता तयार होते. दुसऱ्या गियरमध्ये तिचा मोठा वाटा इंजिनने रोखला असता. इथे ती बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर आली. डावीकडे तर पत्र्यावर लोखंड.

5.58. दोन मिनिटे.

जळका वास. पॅडल मऊ. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय थेट तळाला.

5.59.

घाबरून चालकाने क्लच दाबला, गियर न्यूट्रलवर आला. इंजिनचा उरलासुरला रोधही सुटला. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्या चिरडल्या, तेव्हाही चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी प्राथमिक तपासात सांगितले होते. खालचा गियर टाकणे, पॅडल भराभर पंप करणे, हँडब्रेक थोडा थोडा ओढणे, नाहीच जमले तर डोंगराकडच्या बाजूला गाडी घासत नेणे, यासाठी एक मिनिट हातात होते.

6.00.

वळणावर पुढे संथ उतरणारा ट्रक. गाडीचे तोंड त्याच्या मागच्या बाजूखाली गेले. चालकाशेजारी मेहुणा बसला होता.

दुपारी गॅरेजवाल्याने चाक उघडले. बाहेरचा पॅड अजून चार मिलिमीटर. आतला, जो फटीतून दिसत नाही, तो पत्र्यापर्यंत संपलेला. पिना गंजून जाम झालेल्या. कॅलिपर सरकतच नव्हता, त्यामुळे पिस्टनकडचा पॅड एकटाच झिजत राहिला. दुसऱ्या बाजूच्या पिना हाताने सहज निघाल्या.