क्रोशाची सुई आणि वाचणारी बोटे

इंदूरच्या मराठी घरांतून एके काळी मुलीचे लग्न ठरले की दोऱ्याचे गुंडे घरात येत. रुखवतात मांडावयाची तोरणे, ताटांवर घालावयाचे जाळीदार रुमाल, आसनांच्या झालरी, पोलक्याच्या बाह्यांना लावावयाची नक्षीची पट्टी, हे सारे क्रोशाच्या एका सुईवर तयार होत असे. आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे ही कला तोंडी चालत आली. पुढे तयार वस्तू स्वस्त झाल्या, मुलींच्या हाती वेळ उरला नाही आणि क्रोशाची सुई शिवणाच्या डब्याच्या तळाशी गेली. अंध स्त्रियांच्या हाती एखादा सन्मानाचा व्यवसाय द्यावा, असा विचार करणाऱ्यांचे लक्ष आता याच सुईकडे वळत आहे. हा विचार वाटतो तितका नवा नाही. त्याला दीड शतकाहून मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात उमेद व इशारा दोन्ही आहेत.

'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा. आपल्याकडे कच्छचे मोची कारागीर आरी नावाच्या आकडेदार सुईने कापडावर साखळीटाका घालीत. पूर्वेकडील अशाच आकड्याच्या भरतकामाची आवड अठराव्या शतकात युरोपात पसरली. पुढे खालचे कापड काढून टाकून नुसत्या दोऱ्याचीच साखळी विणली जाऊ लागली आणि त्यातून क्रोशा जन्मास आला, असे अनेक अभ्यासक मानतात. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा हजारो कुटुंबांना या कामाने आधार दिला. भारतात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरच्या परिसरात १८४४ च्या सुमारास मक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने हे काम आणले, असे सांगतात. तेथील स्त्रियांनी ते आपलेसे केले आणि नरसापूरची लेस परदेशी बाजारात पोहोचली. सारांश, क्रोशाचा प्रसार झाला तो पुष्कळदा संकटकाळी, आणि तोही ज्यांच्याजवळ दोन हातांखेरीज दुसरे भांडवल नव्हते अशा स्त्रियांच्या द्वारे.

ही कला अंध स्त्रीला साधेल काय, अशी शंका डोळसांना येते. तिचे उत्तर कलेच्या घडणीतच आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर एका वेळी पन्नास-शंभर टाके जिवंत असतात. सुई निसटली की ओळीची ओळ उसवते. क्रोशात बहुधा एकच फास जिवंत असतो. तो निसटला तरी बोटाने लगेच सापडतो, आणि चूक झाली तर दोरा ओढून नेमके तेवढेच उसवता येते. डाव्या हाताच्या करंगळीवरून दोरा येतो, अंगठा आणि मधले बोट मागल्या ओळीची कड चाचपते आणि उजवा हात आकड्याने दोरा ओढून घेतो. साखळी, मुका खांब, खांब या साऱ्यांची उंची निराळी असल्यामुळे स्पर्शाने त्यांतील भेद कळतो. पाच साखळ्या, दोन घरे सोडून एक खांब, अशा गणतीतच सगळा नमुना सांगता येतो. म्हणून तो कानांनी ऐकून पाठ करता येतो, ब्रेल लिपीत उतरविता येतो, आणि पुरा झालेला तुकडा हाती दिला तर बोटांनी वाचताही येतो. रंगांची अडचण खरी आहे. परंतु निरनिराळ्या रंगांचे गुंडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यांवर ब्रेल चिठ्ठी किंवा गाठींची खूण केली की तीही पुष्कळशी दूर होते. आरंभी जाड दोरा व मोठी सुई घ्यावी आणि हात बसला की बारीक दोऱ्याकडे वळावे, एवढेच पथ्य पाळावयाचे.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील लॉरा ब्रिजमन हिचा जन्म १८२९ चा. दोन वर्षांची असताना तापाने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८३७ मध्ये डॉ. सॅम्युअल हौ यांनी तिला बॉस्टनच्या अंधशाळेत आणले. ती भाषा शिकली आणि तिचे हातही तयार झाले. तिने विणलेल्या जाळीदार वस्तू शाळा पाहावयास येणारे लोक विकत घेत, आणि पुढे तीच शाळेतील मुलींना सुईकाम शिकविण्यास मदत करू लागली. याच लॉराच्या सहवासात ॲन सलिव्हन बोटांची लिपी शिकली, आणि तिने ती पुढे हेलन केलरच्या तळहातावर उमटविली. हेलन केलर यांनीही १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात पावसाळी दिवशी विणकाम व क्रोशाकाम करण्याची आपली आवड नमूद केली आहे. एकीची ती थोडीफार कमाई होती, दुसरीचा तो विरंगुळा होता. दोघींच्या हातांना मात्र डोळ्यांची उणीव भासली नाही.

भारतात अंधांच्या शिक्षणाचा संघटित आरंभ १८८७ मध्ये अमृतसर येथे कुमारी ॲनी शार्प यांनी केला. त्या संस्थेच्या नावातच 'औद्योगिक गृह' हे शब्द होते. अक्षरज्ञानाइतकेच हातकाम महत्त्वाचे, ही दृष्टी आरंभापासून होती. मुंबईत १९०० साली कुमारी ॲना मिलार्ड यांनी अंधशाळा काढली. दादरची अंध मुलींची शाळा ती हीच. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे काम झाले ते केडगावास. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना त्यांनी आपल्यासोबत आणले. त्यांच्या मुक्ती सदनात अंध स्त्रियांनाही आसरा मिळाला. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेत शिकत असताना ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने या स्त्रियांना वाचावयास शिकविले आणि त्यांच्या शिक्षणाला हातकामाची जोड देण्यात आली. ज्या काळी अंध स्त्री म्हणजे घरातील अडगळ समजली जाई, त्या काळी दोन मराठी विदुषींनी तिच्या बोटांत विद्या घातली, ही गोष्ट लहान नाही.

पुढील काळात मात्र अंधांच्या उद्योगशिक्षणाला एक ठराविक वळण लागले. पुरुषांसाठी वेताच्या खुर्च्या, स्त्रियांसाठी थोडे विणकाम, आणि वर्षातून एकदा भरणारे प्रदर्शन. प्रदर्शनात येणारा मनुष्य वस्तू घेई ती बहुधा दयेपोटी. दयेने घेतलेली वस्तू घरी जाऊन कपाटात पडते आणि दुसऱ्यांदा मागणी येत नाही. वस्तू विकली जाते, पण धंदा उभा राहत नाही, अशी ही अवस्था होती.

दुसरा इशारा नरसापूरने दिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. या स्त्रिया दिवसाचे अनेक तास राबत होत्या. परंतु त्यांचे काम 'घरात बसून फावल्या वेळी केलेले' असे धरले जाई. त्यामुळे त्यांना मजुरी अगदी तुटपुंजी मिळे आणि नफा व्यापारी व निर्यातदार यांच्याकडे जाई. क्रोशाची खरी वीण घालणारे यंत्र आजही रूढ झालेले नाही. जगातील कोठल्याही दुकानात क्रोशाचा स्वस्त कपडा टांगलेला दिसला, तर तो कोणा स्त्रीच्या हातांनीच विणलेला असतो, आणि त्याची स्वस्ताई तिच्या मजुरीतूनच कापलेली असते. अंध स्त्रीच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे. तिच्या कामाला 'तेवढाच तिचा वेळ जातो' असे म्हणण्याची सवय समाजाला लवकर लागते.

यावरचा धडा इंदूरला दूर जाऊन शोधावा लागणार नाही. सुमारे ९० किलोमीटरवर नर्मदाकाठी महेश्वर आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ साली राज्यकारभार हाती घेतल्यावर महेश्वरला राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणून तेथे वसविले. दोन शतकांनंतर ते माग बंद पडू लागले होते. तेव्हा १९७८-७९ च्या सुमारास रिचर्ड व सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी स्थापन केली आणि स्त्रियांना मागावर बसविले. किल्ल्याच्या भिंतींवरील जुनी नक्षी साड्यांच्या काठांवर कायम राहिली. मात्र रंग, पोत आणि वस्तूंचे प्रकार नव्या ग्राहकाच्या आवडीचे झाले. विणकर स्त्रियांच्या मुलांसाठी शाळा व आरोग्याची सोय झाली. साडी विकली गेली ती तिच्या गुणावर. विणणारीच्या गरिबीची जाहिरात करावी लागली नाही.

इंदुरात क्रोशाचे पुनरुज्जीवन करावयाचे तर हाच मार्ग धरावा लागेल. शहरात महेश दृष्टिहीन कल्याण संघासारखी, अंध मुलींच्या शिक्षणासाठी झटणारी संस्था आहे. ज्यांच्या हातात रुखवताचे जुने नमुने अजून जिवंत आहेत, अशा वृद्ध स्त्रियाही मराठी घरांतून आहेत. त्या बायका कागद पाहून शिकल्या नव्हत्या, बोलून आणि हात धरून शिकल्या होत्या. अंध मुलीला शिकविण्याची रीतही नेमकी तीच. त्यांचे नमुने त्यांच्या हयातीतच ब्रेलमध्ये उतरवून घेतले पाहिजेत. उत्तम प्रतीचा दोरा, जाणत्या कलाकाराची रंगयोजना, तासांवरून ठरविलेली मजुरी आणि बारमाही विक्रीची व्यवस्था, या चार गोष्टी जमल्या तर ही कला पोट भरू शकेल. त्या जमल्या नाहीत, तर आणखी एक प्रदर्शन तेवढे होईल.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे २४ लाख भरली. या साऱ्यांनी विणकामच करावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आज अंध मुली महाविद्यालयांतून शिकतात, बोलणाऱ्या संगणकावर काम करतात, शिक्षिका होतात, बँकेत अधिकारी होतात. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने शिक्षण व रोजगार यांतील समान संधी हा त्यांचा हक्क मानला आहे. क्रोशा ही त्यांतली एक वाट असावी, एकुलती एक वाट नसावी. जिला ती आवडेल तिने ती धरावी, आणि जी धरील तिला कारागीर म्हणून मान व दाम मिळावा. लॉरा ब्रिजमनची जाळी लोक कौतुकाने घेत. इंदूरच्या अंध मुलीने विणलेले तोरण दाराला लागेल, तेव्हा ते कोणी विणले हे ठाऊक नसतानाही घेणाऱ्याने ते पसंत केलेले असावे. या कलेचे खरे पुनरुज्जीवन त्या दिवशी झाले असे म्हणता येईल.