मोहेंजोदडोची न्हाणी: कोपऱ्यात अडवलेले पाणी

१/ न्हाणीत पाणी झिरपते ते सहसा विटेतून नव्हे, सांध्यातून. आणि त्यातही जमीन व भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठच्या गवंड्यांनी हे नेमके ओळखले होते. त्यांच्या उपायाची ही कथा.

२/ मोहेंजोदडोचे उत्खनन राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ मध्ये सुरू केले. १९२४-२५ च्या हंगामात ते मराठी पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षित यांच्याकडे आले. तेथील ‘डीके’ हा विभाग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उघड्या पडलेल्या घरांमागून घरांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली: विटांचा न्हाणीचा ओटा.

३/ हा ओटा बहुधा रस्त्याकडील भिंतीलगत असे. विटा घासून इतक्या नेमक्या बसवलेल्या, की सांधे जेमतेम दिसावेत. कडेला पाणी अडवणारी उंचवट्याची किनार. सारा उतार एका कोपऱ्याकडे, आणि तेथून भिंतीतून थेट रस्त्यावरच्या गटारात. मराठी घरातली जुनी मोरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही.

४/ हेच तंत्र महास्नानगृहात भव्य रूपात दिसते. जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली १९२५-२६ मध्ये ते उजेडात आले. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असा हा तलाव. उत्तर व दक्षिण बाजूंनी पायऱ्या. त्यांच्या तळाशी तलावाच्या पूर्ण रुंदीचा बुटका, विटांच्या काठाचा कट्टा.

५/ त्याची भिंत म्हणजे एकामागे एक उभे केलेले अडसर. आत जिप्समच्या गाऱ्यात बसवलेल्या विटा. त्यामागे सुमारे ३ सेंटिमीटर नैसर्गिक डांबराचा थर. त्यामागे पुन्हा विटांची भिंत. मग ठासून भरलेली माती. तळाचा उतार नैर्ऋत्य कोपऱ्याकडे, आणि तेथेच पाणी सोडण्याची वाट.

६/ मात्र डांबराचा असा थर हे महास्नानगृहाचे वैभव होते. सामान्य घरातील ओट्याची भिस्त घासलेली वीट, बारीक सांधा आणि अचूक उतार यांवरच होती. त्या नगराचे खरे श्रेय एका भव्य तलावापेक्षा घरोघरीच्या या शिस्तीला द्यावे लागते.

७/ १९८० पासून मोहेंजोदडो जागतिक वारसा स्थळ आहे. पण आज तेथील विटांना धोका आहे तो जमिनीतून वर चढणाऱ्या खारट ओलीचा. पाणी वाळते, क्षारांचे स्फटिक विटेतच फुगतात आणि भाजलेली वीट भुकटी होऊन गळते. ओतलेले पाणी ज्यांनी कोपऱ्यात अडवले, त्यांच्या भिंती आता पायातून वर येणाऱ्या पाण्याने झिजत आहेत. ते रोखण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.