फिरंग तलवार : अस्सलतेची पारख

यूरोपीय बनावटीचे पाते व भारतीय घडणीची मूठ असलेल्या तलवारीला मराठीत फिरंग म्हणतात. फ्रँक लोकांच्या नावावरून फार्सीत सर्वच यूरोपीयांना ‘फरंगी’ हा शब्द रूढ झाला आणि त्यावरून तलवारीला हे नाव मिळाले. जर्मन पात्याच्या तलवारीला ‘अलेमानी’ अशीही संज्ञा होती. दोन भिन्न देशांतील कारागिरांनी, पुष्कळदा भिन्न काळी घडविलेल्या भागांतून हे शस्त्र सिद्ध होते. त्यामुळे त्याची पारख करताना चार स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात : पाते कोठले, त्यावरील मुद्रा खरी की नकली, मूठ व पाते यांचा जोड केव्हाचा आणि तलवार ज्या व्यक्तीची म्हणून सांगितली जाते, तिच्याशी तिचा संबंध कशावरून. यांपैकी एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरल्यामुळे बहुतेक चुका घडतात.

प्रसार : सोळाव्या शतकारंभी गोवे पोर्तुगीजांच्या ताब्यात आले आणि पश्चिम किनाऱ्यावरून यूरोपीय पाती दख्खनमध्ये येऊ लागली. सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरविलेल्या मालातही तलवारीची पाती होती. उत्तर कोकणात डहाणू, तारापूर, माहीम व वसई हा किनारपट्टा १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता. चिमाजी आप्पाच्या मोहिमेत त्यातील बहुतेक ठाणी मराठ्यांनी जिंकली. व्यापार, नजराणा व लूट अशा तिन्ही मार्गांनी ही पाती मराठ्यांच्या हाती आली. त्यांपैकी काही दांडपट्ट्यांनाही बसविण्यात आली.

घडण : फिरंगेचे पाते सामान्यतः सरळ, एकधारी वा दुधारी आणि सु. ९० ते ९५ सेंमी. लांब असते. त्यावर एक वा अधिक उथळ पन्हळी असून टोक भोसकण्यास योग्य असे असते. मूठ बहुधा खंड्याच्या घाटाची असून बोटांचे रक्षण करणारी रुंद परज, वर कटोरी आणि कटोरीवर पुढे आलेला दांडा असे तिचे भाग असतात. या दांड्यावर दुसरा हात ठेवून दोन्ही हातांनी वार करता येतो. भारतीय पोलादी पात्यावर जौहर, म्हणजे लाटांसारखी नक्षी, दिसू शकते. यूरोपीय पाते एकसारख्या पृष्ठभागाचे असते. तथापि जौहर नसणे एवढ्यावरून पाते यूरोपीय ठरत नाही. कारण भारतीय लोहारांनीही साधी, जौहरविरहित सरळ पाती घडविली आहेत.

पात्यावरील मुद्रा : अननुभवी संग्राहक सर्वाधिक विश्वास मुद्रेवर ठेवतो. वस्तुतः हा पुरावा सर्वांत दुबळा होय. जर्मनीतील डॅन्यूब नदीवरील पासाऊ या गावच्या कारागिरांची ‘धावता लांडगा’ ही मुद्रा प्रसिद्ध आहे. मोजक्या रेषांनी कोरलेल्या या आकृतीत पुष्कळदा पितळ भरलेले असते. ही मुद्रा ऱ्हाइनलँडमधील झोलिंगेन या शस्त्रनिर्मितीच्या केंद्राने उचलली आणि पुढे ती इतरत्रही उमटू लागली. बेल्लूनो येथील सोळाव्या शतकातील कारागीर आंद्रेआ फेरारा याचे नाव झोलिंगेनच्या असंख्य पात्यांवर घातले गेले. टोलेडोच्या नामांकित स्पॅनिश कारागिरांची नावेही यातून सुटली नाहीत. जेनोव्याच्या पात्यांवरील, एकमेकींसमोर असलेल्या दोन दातेरी चंद्रकोरींच्या मुद्रेचे अनुकरण यूरोपात तर झालेच, पण भारतातील लोहारांनीही केले. काही जर्मन पात्यांवरील १४१४ हा आकडा निर्मितिवर्ष दर्शवीत नाही. तो शुभसंख्या म्हणून घातला जाई. तात्पर्य, मुद्रा म्हणजे बाजारातील कीर्तीचे चिन्ह असून ती जन्मदाखला नव्हे.

म्हणून नकली मुद्रा असलेले प्रत्येक पाते बनावट ठरत नाही. सतराव्या वा अठराव्या शतकात दख्खनमधील लोहाराने घडवून त्यावर विदेशी मुद्रा उमटविलेली तलवार ही त्या काळाची अस्सल वस्तूच होय. विदेशी पात्याला केवढी प्रतिष्ठा होती, हे तिच्यावरून कळते.

जोड व झीज : यूरोपीय पात्याचे मुठीत जाणारे निमुळते टोक लांब असून ते मुठीच्या शेंड्यापार पोचवून ठोकून पक्के करीत. भारतीय तलवारीत हे टोक आखूड असते आणि पोकळ मुठीत लाख, राळ इत्यादींच्या मिश्रणाने बसविलेले असते. खंड्याच्या घाटाच्या मुठीतून पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही बाजूंवर उतरतात व त्या रिव्हेटांनी जखडतात. फिरंग तयार करताना विदेशी पात्याचे टोक तोडून या पद्धतीशी जुळवून घ्यावे लागे. त्यामुळे जोडाजवळील खुणा महत्त्वाच्या ठरतात. पट्टीखालील गंज व पात्यावरील गंज यांचा मेळ बसतो काय, जुनी रिकामी छिद्रे आहेत काय, रिव्हेट एकाच काळचे आहेत काय, हे पाहावे. क्ष-किरण छायाचित्रामुळे मूठ न उकलता आतील टोकाचा आकार कळू शकतो. जुनी मूठ व जुने पाते अलीकडे एकत्र बसवून तयार केलेल्या तलवारी बाजारात येतात. त्यांतील प्रत्येक भाग खरा असला, तरी संपूर्ण तलवार खोटी असते. नैसर्गिक झीज हाताच्या पकडीच्या व म्यानाच्या घर्षणाच्या जागी आढळते. आम्लाने आणलेला गंज मात्र सर्वत्र सारखाच पसरलेला दिसतो.

लेख व परंपरा : व्यक्तीशी संबंध प्रस्थापित करणारा पुरावा दुर्मिळ असतो. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावात मिळविलेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईस आणलेली तलवार हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तिचे पाते सरळ, एकधारी व यूरोपीय बनावटीचे असून मुठीवर सोन्याचे कोफ्तगरीकाम आहे. पात्यावरील देवनागरी लेखात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आला आहे. येथे शस्त्राचा प्रकार व धनी दोन्ही शस्त्रावरच नमूद आहेत. तथापि लेख मागाहूनही कोरता येतो. म्हणून अशा प्रत्येक लेखाचे अक्षरवळण, किताबाचे रूप आणि सोन्याखालील पृष्ठभाग तपासणे आवश्यक असते.

याउलट, कोल्हापूरकर छत्रपतींनी १८७५–७६ मध्ये भारतभेटीस आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला (पुढे सातवा एडवर्ड) दिलेली व इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली तलवार पहावी. तिच्या यूरोपीय पात्यावर येशूच्या नावाची संक्षिप्त अक्षरे तीनदा उमटविलेली आहेत. ती छत्रपती शिवाजी महाराजांची ‘जगदंबा’ होय, अशी परंपरा आहे. १९८० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी लंडनहून ‘भवानी’ तलवार परत आणण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा लंडनमधील तलवार भवानी नव्हे, असे मत अभ्यासकांनी मांडले. साताऱ्याच्या राजघराण्यातील तलवार भवानी म्हणून पूजिली जाते. पात्यावरील ख्रिस्ती अक्षरांवरून पाते यूरोपीय ठरते. ते कोणी हाती धरले, हे त्यांवरून ठरत नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यास प्रदर्शनार्थ आणलेल्या वाघनखांविषयीही असाच विवेक करावा लागतो. त्यांच्या पेटीवरील इंग्रजी मजकुरात मारला गेलेला सरदार मोगल म्हटला आहे. अफजलखान तर विजापूरच्या आदिलशाहीचा होता. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाचेही म्हणणे आहे.

जतन : शंभर वर्षांहून जुने शस्त्र १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास बंदी आहे. मात्र पुराव्याची खरी हानी पुष्कळदा घरातच होते. खंडेनवमीच्या पूजेसाठी तलवार राख, चिंच वा काचकागदाने घासून चकचकीत करण्याच्या प्रथेमुळे पितळेचा लांडगा, सोन्याचे अक्षर व जोडावरील जुना गंज एकाच वेळी नाहीसे होतात. कोरड्या मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात फिरविणे पुरेसे असते. घराण्यात सांगितली जाणारी हकिकतही सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावी. ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु पुरावा कोठे शोधावा, हे ती सुचवू शकते.