मालेगावचे अरब

इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले पडले, हे वर्गात शिकवताना मी मुलांना त्यांच्याच काळातला, अहमदनगरच्या निजामशाहीतला मलिक अंबरही सांगते. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस इथे वजीर झाला. परका म्हणून कोणी त्याला परत धाडले नाही. पुढे पेशवाईत अरब शिपाई आले. भरवशाचे म्हणून किल्ले त्यांच्या हाती देत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी मालेगावच्या किल्ल्यात ते मे-जूनमध्ये इंग्रजांशी जवळजवळ महिनाभर झुंजले. कंपनी सरकारचे धोरण ठरलेले होते : थकलेला पगार चुकता करा आणि अरबांना अरबस्तानात पाठवा. पण कित्येकांची बायकामुले इथलीच होती! हा अन्याय मला आजही सलतो. हैदराबादच्या निजामाच्या चाकरीतले अरब मात्र टिकले. तिथल्या बारकस वस्तीत त्यांचे वंशज आजही राहतात.